मोकळे कीं बांधलेले?

शास्त्रपाठ : योहान ८ : ३१-३६, नहेम्या ५ : १-१३



प्रभु येशू एकदां यरुशलेमांतील मंदिरांत शिकवीत असतां सत्यानें मिळणाऱ्या मुक्तीविषयीं बोलला. ऐकणाऱ्यांस तें बोलणें टोंचलें. आपण अब्राहामाच्या कुळांतले, आपण कोणाच्या दास्यांत होतोंच कधीं, असें त्यांनीं उलट विचारिलें. हें विचारणारे कोण, तें पाहा. त्यांच्या पूर्वजांनीं मिसरांत विटा थापिल्या होत्या. त्यांच्या आजापणजांस बाबेलास धरून नेलें होतें. आणि ज्या दिवशीं ते हें बोलले त्या दिवशींहि रोमी शिपाई त्यांच्या नगरावर पहारा करीत होते, व त्यांच्या कनवटीच्या नाण्यावर कैसराचें मुख होतें. तरी ते म्हणाले, आम्ही दास नव्हों! दास्याचा मुक्काम माणसाच्या घरांत फार दिवस झाला म्हणजे तें त्यास घरच्यासारखें वाटूं लागतें. मग त्यास कोणी दास्य म्हटलें तर राग येतो.

आज आपणांस कोणी हाच प्रश्न केला तर आपणहि असेंच उत्तर देऊं. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली व तिच्या २३ व्या कलमानें वेठ व बिगार यांस मनाई केली. आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील वडिलांस अजून आठवतें कीं, त्यांचे आजोबा हातीं काठी घेऊन गांवकी करीत, मेलेलीं ढोरें ओढीत, रात्रीं वेशीवर जागत, आणि संध्याकाळीं दारोदार भाकर मागत. हें वतन म्हणजे मान नसून बेडी आहे, हें ओळखून डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत त्याविषयीं विधेयक आणिलें. आणि १९५८ च्या कायद्यानें हीं वतनें अखेर बंद झालीं. देवाचे उपकार मानावे तितके थोडे. तर मग आपण मोकळे झालों काय?

दिवाळी सरली कीं आमच्या भागांतील वाड्यावस्त्यांवर ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. बीड, जालना, अहिल्यानगर व आसपासच्या दुष्काळी मुलखांतून लक्षावधि माणसें ऊस तोडावयास कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर या बाजूस आणि पलीकडे कर्नाटकांत जातात. एका रविवारीं ज्या मंदिरांत बसावयास सतरंजी पुरत नाहीं, तेथें पुढच्या रविवारीं चार म्हातारीं माणसें व एक घंटा उरते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ अशी गणती होते; दोन जिवांचें नांव एका हत्याराचें! निघण्यापूर्वीं मुकादम त्यांस उचल देतो. ती उचल पुढील पांच-सहा महिने ऊस तोडून फेडावयाची. न फिटली तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. आजारपणानें एक दिवस कामावर न गेल्यास खाडा लागतो. बाकी डोक्यावर असतां दुसऱ्या मुकादमाकडे जाण्याची सोय नाहीं.

२०१९ सालीं राज्य सरकारच्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची चौकशी झाली, तेव्हां १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. हा आंकडा वाचून आम्ही फार वेळ गप्प बसलों. दुखण्याचे दिवस मोडूं नयेत, खाडा पडूं नये, ही धास्ती त्यांपैकीं कित्येक भगिनींच्या पाठीशीं होती. बाजारांत माणूस उभा करून विकावयाचे दिवस गेले असें आपण म्हणतों. परंतु जेथें शरीराचा अवयव हिशेबाच्या भीतीनें काढिला जातो, तेथें खरेदी झालीच नाहीं असें कोणी म्हणावें?

गैरसमज होऊं नये म्हणून येथेंच सांगतों. ऊस तोडणें हें प्रामाणिक काम आहे. पौल प्रेषित तंबू शिवून पोट भरी, त्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. कष्ट म्हणजे दास्य नव्हे. सोडून जावेंसें वाटलें तरी जातां न येणें, हें दास्य.

आणि हें दास्य नवें नाहीं. मॉरिशस बेटावर उसाचे मळे होते व त्यांत गुलाम राबत. १८३५ सालच्या फेब्रुवारींत तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु ऊस तर तोडावयाचा होताच. म्हणून मळेवाल्यांनीं १८३४ सालापासूनच हिंदुस्थानांतून करारावर मजूर नेण्यास आरंभ केला होता. पुढें सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर गेलीं. रत्नागिरीकडचीं आपलीं मराठी माणसेंहि त्यांत होतीं. गुलामास साखळी घालून आणीत. याच्या पायांत साखळी नव्हती, त्यानें कागदावर आंगठा दिला होता. शेत तेंच, ऊस तोच. कायद्यानें साखळी मोडली, पण तिची जागा कागदानें घेतली. आपल्या देशांतहि १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारीचें कर्ज रद्द ठरविलें, आणि किमान वेतनाहून कमी मजुरींत काम करून घेणें ही सक्तीची मजुरी होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिला. कायदे चांगले आहेत. त्यांविषयीं तक्रार नाहीं. पण कायदा बाहेरून दार उघडतो. आंतला मनुष्य उठून चालूं लागेपर्यंत व त्यास हात देणारा कोणी भेटेपर्यंत दार उघडें असून व्यर्थ.

आतां आम्हांस आमच्याविषयींच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

कांहीं वर्षांमागें आमच्या एका मंडळींतील बंधु आनंदानें सांगत आला कीं मुलीचें लग्न ठरलें. आम्हांसहि आनंद झाला. लग्न थाटाचें झालें. मांडव मोठा, बँड तालुक्याहून आणिलेला, गांवजेवण झालें. आम्हीं लग्न लाविलें, काना गांवच्या लग्नावर उपदेश केला, पंगतीस बसलों, यजमानानें आग्रह केला तेव्हां गोड दुसऱ्यांदा घेतलें, व आशीर्वाद देऊन घरीं आलों. हा पैसा कोठून आला, असें आम्हीं विचारिलें नाहीं. दिवाळीनंतर तें कुटुंब ऊस तोडावयास गेलें. धाकटा मुलगा सातवींत होता, शब्बाथशाळेंत वचन स्पष्ट वाची, तोहि गेला.

माघ महिन्यांत त्या बाजूस आमचें जाणें झालें, तेव्हां विचारपूस करीत त्यांच्या कोपीपर्यंत पोंचलों. दिवस मावळला होता. बाई चुलीशीं होती, मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधीत होता. थोड्या वेळानें तो बंधु फडांतून आला, पाय धुवून आमच्यासमोर बसला. आम्हीं शास्त्र उघडून हाच आठवा अध्याय वाचिला. त्यानें मान खालीं घालून सर्व ऐकिलें, मग हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, वचन खरं हाय. पर लग्नाची उचल फिटल्याबगर मला हितनं सोडतंय कोण? अजून दोन हंगाम हायती.”

आम्हीं प्रार्थना केली व निघालों. पण वाटेंत त्या पंगतीचें जेवण आमच्या घशाशीं आलें. आम्हीं त्या दिवशीं गोड म्हणून जें खाल्लें तें त्या बंधूचे दोन हंगाम होते, त्या मुलाची सातवी होती.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या मुकादमानें ती उचल दिली तो आमच्याच मंडळींतला. कापणीच्या सणास सर्वांत मोठें पोतें त्याचें असे, आणि आम्ही वेदीपुढें उभे राहून त्याचें नांव घेऊन आभार मानीत असूं. तो दुष्ट मनुष्य नाहीं. त्यानेंहि कारखान्याकडून आपल्या सहीवर रक्कम उचललेली असते; टोळी पळाली तर त्याचें शेत जातें. ज्यानें बांधिलें तोहि बांधलेलाच. शहरांतील शिकलेल्या नोकरदाराची स्थितिहि फारशी निराळी नाहीं. त्याच्या उचलीस हप्ता म्हणतात, एवढेंच. आणि सकाळीं डोळे उघडतांच प्रार्थनेआधीं त्याचा हात मोबाईलकडे जातो. मुकादमास निदान तोंड आहे. याच्या मुकादमास तोंडहि नाहीं.

ही दोरी वळतो कोण? एक पदर गरजेचा आहे : पाऊस नाहीं, जमीन नाहीं, दुखणें आलें. त्याबद्दल गरिबास दोष देणें हें पाप होईल. पण दुसरा पदर मानाचा आहे, आणि तो आपण सर्वांनीं मिळून वळला आहे. लोक काय म्हणतील, हा फारोपेक्षां कठीण धनी आहे. फारोनें विटा मागितल्या; हा मांडव मागतो, बँड मागतो, पोरांची शाळा मागतो. आणि ते ‘लोक’ म्हणजे दुसरे कोणी नव्हेत. पंगतींत बसलेले आपणच.

नहेम्याच्या पुस्तकाचा पांचवा अध्याय घरीं दिवा लावून वाचा. बाबेलाहून सुटून आलेले लोक यरुशलेमाचा तट बांधीत होते. बाहेरून स्वातंत्र्याचें काम चालू, आणि आंत रडारड : कोणी धान्यासाठीं शेत गहाण टाकिलें, कोणी राजाच्या पट्टीसाठीं कर्ज काढिलें, कोणाच्या मुली आधींच दासी झाल्या. आणि घेणारे परके नव्हते, भाऊच होते. नहेम्यास संताप आला. त्यानें मोठी सभा भरविली व सरदारांस तोंडावर बोल लाविला. पण तेथेंच तो थांबला नाहीं. आपण, आपले भाऊ व आपले चाकर हेहि पैसा व धान्य कर्जानें देत आहों, हें त्यानें सर्वांसमक्ष कबूल केलें, आणि मग म्हटलें कीं, आतां हें सोडून देऊं. शेतें, मळे, घरें व व्याज परत झालें. तो स्वतः सुभेदार असून बारा वर्षें सुभेदारीच्या हक्काचें अन्न खाल्ला नाहीं. ज्यानें आपली पंगत आधीं सोडिली त्याचें म्हणणें लोकांनीं ऐकिलें.

यास्तव आम्हीहि आधीं आपली चूक मांडली आहे. आतां या हंगामापूर्वीं करावयाच्या चार गोष्टी आपल्यापुढें ठेवितों.

पहिली : लग्नें रविवारच्या उपासनेनंतर मंदिरांतच लावावीं, चहा व मूठभर गोड एवढ्यावर मंडळीनें संतोष मानावा. आमच्या घरीं पुढें जें कार्य होईल तें असेंच होईल, हें आम्ही येथें लिहून देतों. तसें न झाल्यास वाचकांनीं आम्हांस जाब विचारावा.

दुसरी : आपल्या आयाआज्या स्वयंपाकाच्या वेळीं प्रभूसाठीं मूठभर धान्य बाजूस काढीत. ती चाल पुन्हां सुरू करावी, आणि तें धान्य मंडळींतील आजारी व अडलेल्या घरासाठीं राखावें, म्हणजे दुखण्यासाठीं उचल घ्यावी लागणार नाहीं.

तिसरी : सुवार्तिकांनीं दिवाळीपूर्वींच जाणाऱ्या घरांतील मुलांची यादी करून गांवच्या मुख्याध्यापकांस भेटावें. अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं सरकारी वसतिगृहांची योजनाहि झाली आहे. जेथें तीहि सोय नसेल तेथें मुलास आजीजवळ ठेवून मंडळीनें त्यास जेवूं घालावें.

चौथी : उचल घ्यावीच लागली तर कोऱ्या कागदावर आंगठा देऊं नये. रक्कम, दर व तोडलेल्या उसाचें वजन हीं घरांतील लिहितावाचतां येणाऱ्यानें वहींत मांडावीं. आणि मंडळींतील मुकादम बंधूंस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं ती वही पाहून सही करावी व खाड्याचा दंड दुखणेकऱ्यास लावूं नये. देवाच्या दृष्टीनें ती सही कापणीच्या पोत्याहून मोठी ठरेल.

कोणी म्हणेल, या सर्व व्यवहाराच्या गोष्टी झाल्या. आत्म्याची मुक्ति कोठें राहिली? बंधुहो, प्रभूनें त्याच आठव्या अध्यायांत दास व पुत्र यांतील भेद दाखविला आहे, तो घराचा भेद आहे. दासाचें घरांत राहणें कायमचें नसतें, पुत्राचें असतें. पापाची क्षमा होऊन देवाच्या घरीं पुत्राची जागा मिळणें, हीच मुक्ति. ती कोणत्याहि कायद्यानें मिळत नाहीं व कोणत्याहि मुकादमास हिरावून घेतां येत नाहीं. त्या कोपींत बसलेला आमचा बंधु देवाचा पुत्र आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती आमच्याविषयीं. ज्यास बापानें पुत्र म्हटलें त्यास आम्हीं भाऊ म्हटलें काय? भाऊ म्हटलें असतें तर त्याची पंगत जेवण्याआधीं आम्हीं त्याचा हिशेब विचारिला असता.

त्या बंधूचा एक हंगाम अजून उरला आहे. मुलगा मात्र यंदा आजीजवळ राहिला असून शाळेंत जात आहे. त्याचें जेवण मंडळींतील पांच घरांनीं वांटून घेतलें आहे. गेल्या रविवारीं शास्त्रपाठ त्यानेंच वाचिला. घराचें एक दार उघडलें, एवढेंच आम्ही म्हणतों. बाकीचीं दारें उघडण्यास प्रभु आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.