डायल साडेसातवर कोणी नेली?

बसा. उभं राहून कोणाची अक्कल वाढल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

टेबलावर ही जी गिअर मोटर आहे ती वर्कशॉपची नाही, लातूरच्या त्या डाळमिलवाल्याची आहे. तूर वर चढवणाऱ्या एलेव्हेटरची. भर हंगामात त्याची मिल बंद आहे ती तुमच्या कर्तबगारीमुळे. नेमप्लेट वाच रे, मोठ्याने. 2.2 किलोवॉट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, डेल्टा, 4.7 अँपिअर. मोटरचे फेरे मिनिटाला 1440, गिअरबॉक्समधून बाहेर 60. हे सगळं पट्टीवर छापलेलं असताना ओव्हरलोड रिलेची डायल साडेसातवर कोणी नेली?

कोणीच नाही. आपोआप फिरली असेल.

‘सर, सारखी ट्रिप होत होती.’ होणारच! राखणीचं कुत्रं भुंकतंय म्हणून तुम्ही त्याचं तोंड बांधलंत आणि चोराला दार उघडून दिलंत. रिले ट्रिप होतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. तुम्ही आधी रिसेट दाबत राहिलात, दाबून दाबून बोट दुखायला लागलं तेव्हा डायल फिरवली, आणि मोटर जळाल्यावर मला फोन केलात, ‘सर, वाइंडिंग गेलं, टेम्पोत टाकतोय.’ तो टेम्पो मी गेटवर अडवला नसता तर वाइंडरने जुनी तार कापून भंगारात टाकली असती आणि पुरावाही गेला असता.

पुढे या. हातातला मोबाइल खिशात घाला आणि या वाइंडिंगकडे बघा. सगळं काळं आहे का? नाही. एक पट्टा काळा, मग दोन पट्टे लालसर, चांगले. पुन्हा एक काळा, पुन्हा दोन चांगले. मोटर नुसत्या लोडने जळली असती तर तिन्ही फेज सारख्या करपल्या असत्या. डेल्टात एकच फेज जळाली म्हणजे सिंगल फेजिंग. स्टारमध्ये हेच झालं असतं तर दोन जळाल्या असत्या आणि एक वाचली असती. मागच्या वर्षी फळ्यावर हे मी काढून दाखवलं होतं. तुमच्या वहीतही आहे, अक्षर सुंदर आहे.

आता तुमचं निदान ऐका. तुम्ही क्लॅम्प मीटर लावला. कितीवर? एका वायरवर! आठ अँपिअर दाखवले, झालं, ‘लोड जास्त आहे.’ मग तुम्ही बेल्ट ढिला केला, बकेटा तपासल्या, बूटमध्ये तूर साचली का ते उकरून पाहिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. क्लॅम्प शेजारच्या वायरवर सरकवायला किती वेळ लागतो? दुसऱ्या वायरवरही आठ दिसले असते आणि तिसरीवर शून्य. एक लाइन तुटली की तेवढंच काम उरलेल्या दोन लाइनींना करावं लागतं, त्यांचा करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. आत डेल्टात जी एक फेज थेट त्या दोन लाइनींच्या मध्ये सापडते, तिच्यातून नेहमीच्या दुपटीएवढा करंट जातो. जुन्या रिलेची डायल 4.7 वर असती तर आठ अँपिअरला तो थोड्या वेळात पडला असता. पडतच होता बिचारा! साडेसातच्या सेटिंगला आठ म्हणजे जेमतेम जास्त. तो गप्प बसला आणि मोटर शिजली.

‘पण सर, व्होल्टेज तर तिन्हीकडे होतं.’ कुठे मोजलंस? मोटरच्या टर्मिनलवर, आणि मोटर चालू असताना. इथे भलेभले फसतात, म्हणून याबद्दल तुला कमी शिव्या. फिरती मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते, जवळजवळ पूर्ण. मीटर सगळं आलबेल दाखवतो. म्हणून चालत्या मोटरवर करंट मोजायचा, तिन्ही लाइनींचा, आणि तिन्ही आकडे एकाखाली एक लिहायचे. लिहायचे! ‘बघितले सर’ मला चालत नाही.

हा लग बघा. कॉन्टॅक्टरच्या मधल्या पोलला होता. धरून ओढला तर तार हातात आली. वायरचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी झालंय, वास अजून येतोय. क्रिंपिंग टूल कपाटात असताना कोणीतरी पकडीने दाबलेला लग आहे हा. तुम्ही दाबला नसेल, पण पॅनेलचं दार उघडून नाक आत घातलं असतं तर इतकं रामायण घडलं नसतं. दोन रुपयांच्या लगपायी मोटर गेली.

तिन्ही फेज आहेत पण कमी-जास्त आहेत, तेही चालत नाही. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के असंतुलन असलं तरी वाइंडिंगची तापमानवाढ पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढते. आणि वाइंडिंग दहा अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा आपल्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. त्यात तुम्ही फॅनच्या जाळीवर तुरीचा भुसा आणि चुरी गोधडीसारखी साचू दिलीत. ती हाताने निघते, त्याला डिप्लोमा लागत नाही.

आता गिअरबॉक्स. ऑइल सील दोनदा बदललं तरी गळतंय, ‘सर, सीलचा माल बोगस येतो.’ माल बोगस नाही. वरचा ब्रीदर कुठे आहे? तिथे अजून कारखान्यातून येताना लावलेला बंद प्लग आहे. गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही, मग ती सीलच्या ओठातून तेल घेऊन निघते. तिसरं सील घातलं असतं तर तेही गळलं असतं. वर तुम्ही तेल काठोकाठ भरलंत, जास्त तेलाने थंड राहील म्हणून. उलट आहे! गिअर ते घुसळतात, फेस येतो आणि गिअरबॉक्स आणखी तापतो. लेव्हल प्लगपर्यंत भरायचं, बस्स. आणि मोटर आडवीची उभी बसवली की लेव्हलची जागा, ब्रीदरची जागा, तेलाचं माप, सगळं बदलतं. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय. वर्म गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ब्राँझचं चाक झिजतंय, तिथे नवीन तेल घालून समाधान मानायचं नाही.

मोटरचा दोष की गिअरबॉक्सचा, हे कळत नसेल तर दोघांना वेगळं करा आणि मोटर मोकळी चालवून बघा. मोकळी मोटर गप्प चालली तर तिला दोष देणं बंद करा. मोकळीही घूं करून जागेवर थरथरली तर वेळ न घालवता बंद करा आणि सप्लाय बघा. ब्रेकवाली मोटर असेल तर आधी ब्रेक सुटतोय का ते बघायचं. तो स्प्रिंगने लागतो आणि वीज मिळाल्यावर सुटतो. रेक्टिफायर गेला की मोटर बिचारी लागलेल्या ब्रेकशी झुंजत राहते आणि तुम्ही तिला रिवाइंडिंगला पाठवता.

आणि आता जे सांगतोय त्याला हसलात तर वर्गाबाहेर जाल. वेगळं करायचं म्हटल्यावर त्या दिवशी तुमच्यातला एक बहाद्दर भरलेल्या एलेव्हेटरच्या चेनचं लॉक काढायला बसला होता. चढत्या बाजूच्या सगळ्या बकेटा तुरीने भरलेल्या. उलटं फिरू नये म्हणून बॅकस्टॉप आहे, पण तो गिअरबॉक्सच्या आत. चेन सुटली की बॅकस्टॉप राहिला एकीकडे आणि एलेव्हेटर दुसरीकडे. मग तो सगळा भार उलटा खाली येतो आणि वरचं स्प्रॉकेट तुझ्या बोटांची वाट बघत नाही. मिलच्या त्या म्हाताऱ्या हमालाने तुझी कॉलर धरून मागे ओढलं म्हणून आज तू दहा बोटांनी वहीत लिहितोयस. त्याला कुठली ट्रेड नाही, सर्टिफिकेट नाही. आधी बकेटा रिकाम्या करायच्या, नाहीतर वरचा शाफ्ट बांधायचा. त्याच्याही आधी फ्यूज काढून खिशात ठेवायचे. पॅनेलवर नव्हे, खिशात. स्टार्टरला कुलूप लावायचं आणि किल्लीही खिशात. बॅकस्टॉप असलेल्या मोटरच्या दोन फेज ‘बघू तरी’ म्हणून उलटसुलट करायच्या नाहीत. एका झटक्यात बॅकस्टॉप तरी फुटेल, नाहीतर दात तरी.

मोटर वाइंडिंगला जाईल, खर्चाचं मी मालकाशी बोललोय, त्याची चिंता तुम्ही करू नका. तुम्ही उद्या सकाळी आठला मिलवर या. तोवर मालक दुसरी मोटर आणून ठेवतोय. लग नवा, क्रिंपिंग टूलने. रिले 4.7 वर, ब्रीदर जागेवर. मग रिकामा एलेव्हेटर चालवून तिन्ही लाइनींचा करंट, तूर सोडून पुन्हा तिन्हींचा. सहा आकडे वहीत हवेत, माझ्यासमोर लिहिलेले. आणि येताना त्या हमालासाठी चहा घेऊन या, तुमच्या पैशाने.