पाळकाचा मान, मंडळीचे देणे

पेण-रोह्याच्या भातशेतीच्या मुलखात एखाद्या लहान ख्रिस्ती मंडळीला पाळकाच्या मानधनाचा विषय काढायला संकोच वाटला, तर त्याचे कारण केवळ गरिबी नसते. धर्मकार्याचे मोल घेऊ नये, हा संस्कार इथे खोल मुरलेला आहे. वारकरी कीर्तनपरंपरेने तो जपला. १९२० मध्ये रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारातही माणसे पदरमोड करून गावोगाव जातात. हा आदर्श थोरच. प्रेषित पौलालाही तो परका नव्हता. करिंथात तो तंबू शिवून जगला. पण त्याच करिंथकरांना त्याने मळणीच्या बैलाला मुसके न घालण्याचा मोशेचा नियम ऐकवला आणि सेवकाचा निर्वाहाचा हक्क ठासून मांडला. हक्क सोडायचा तर तो सेवकाने. मंडळीने तो परस्पर सोडून देणे, आणि त्याच्या मुलांच्या शाळेची फी थकलेली पाहत त्यालाच त्यागाचे धडे देणे, हा अन्याय आहे.

पैसा दिला की पाळक कुणाचा तरी मिंधा होतो, ही शंका मात्र खरी आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनपासून वेगळे होऊन स्वतंत्र वाट धरली, त्यामागेही परावलंबनाचा हाच सल होता, असे मला वाटते. त्यावर उपाय देणे थांबवणे नव्हे. अनेकांनी थोडेथोडे, उघड हिशेबाने देणे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या चांगल्या वडिलांना दुप्पट मान सांगितला आहे, आणि लगेच पुढे पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांसमक्ष दोष देण्याची आज्ञाही आहे.