दानीएलाचे शाकान्न

दानीएलाने राजाचे मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी मागितले (दानीएल 1), ते देवाशी निष्ठा राखावी म्हणून. आखाडा बाळापुराच्या शिवारात ज्वारी व तूर पिकत असता आपल्या घरी पाहुणचार म्हणजे साखरेचा चहा, असे का व्हावे? मधुमेह व रक्तदाब पुष्कळ दिवस मुकाट्याने वाढतात. काही दुखत नाही यावर विसंबू नये. मीठ दिवसास 5 ग्रॅमांहून, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून, कमी असावे. आठवड्यात निदान 150 मिनिटे झपझप चालावे. शेतात राबणाऱ्यास हे सांगणे नको. उपासनेस मोटारसायकलीवर येणाऱ्या तरुणांनी व आम्हां बैठ्या उपदेशकांनी मात्र ऐकावे. आणि ज्यांस औषध चालू आहे, त्यांनी प्रार्थना अवश्य करावी, परंतु तेवढ्यावरून गोळ्या बंद करू नयेत. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांस विचारावे.