मृगापर्यंत

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. आवारात दोन जुने कडुनिंब, एक चिंच आणि हातपंप. 2001-02 पासून देशभरातल्या शाळांमध्ये पर्यावरणाचे गट उभे राहिले, आपल्याकडे त्यांना राष्ट्रीय हरित सेना म्हणतात. या शाळेतली हरित सेना मनापासून चालायची, कारण ती चालवणारे सर तसे होते. होळीच्या आठ दिवस आधी मुलं रानातून पळसाची फुलं वेचून आणत आणि मोठ्या गंजात उकळून त्यांचा केशरी रंग करत. पोळा झाला की शाडूचे गणपती. एका हिवाळ्यात सरांनी पोरांना एसटीने कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट दाखवायला नेलं होतं. त्या सहलीच्या गोष्टी गावात वर्षभर पुरल्या.

20 मार्चला, चिमणी दिनी, सरांनी चाळीस परळ आणले. कुंभाराकडून घेतलेले, उथळ, मातीचे. पैसे स्वतःच्या खिशातले. मुलांनी सुतळीची शिंकी विणली आणि निंबावर, चिंचेवर, व्हरांड्याच्या वाशांना परळ टांगले. प्रत्येकात एक खडा ठेवायचा, म्हणजे मधमाशी पाण्यात पडली तरी त्यावर चढून बाहेर येते, हे सरांनी शिकवलं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात, हेही. फोटो निघाला. हरित सेनेच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली: पक्ष्यांसाठी जलपात्रे, एकूण 40.

एप्रिलभर सकाळची शाळा होती. प्रार्थनेआधी पाणी गटाची पोरं कळशा घेऊन धावत. पाखरं आधी बिचकली, मग आली. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, सातभाईंचा कलकलाट आला. होल्यांची एक जोडी तर ठरल्या वेळेला यायची. मुलं वर्गातून माना वाकड्या करून बघायची आणि सर त्यांना बघू द्यायचे.

1 मेला निकाल लागला आणि शाळा बंद झाली. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जून सरता सरता उघडतात. म्हणजे जवळजवळ दोन महिने. पोरं मामाच्या गावाला गेली, लग्नांना गेली. सर त्यांच्या गावी गेले.

पाणी गटातली सहावीतली एक पोरगी मात्र गावातच होती. आईबाप दुसऱ्याच्या वावरात कामाला जात, ती आजीजवळ राही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती बकरीसाठी निंबाचा पाला आणायला शाळेच्या आवारात गेली. अकरा वाजत आले होते. ऊन डोळ्यात जात होतं.

तिला आधी साळुंकी दिसली. चोच उघडी, गळा धडधडत होता. पाखराला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकून त्याला अंग थंड करावं लागतं. साळुंकी एका परळाच्या काठावर बसली, आत वाकली, मान वर केली. उडून दुसऱ्या परळावर गेली, वाकली. मग तिसऱ्यावर. पोरीने जवळ जाऊन शिंकं खाली ओढलं. परळाच्या बुडाशी शेवाळाचा हिरवा पापुद्रा वाळून भेगाळला होता आणि खड्याला चिकटून एक मधमाशी सुकून गेली होती.

ती घरी आली ते गप्पच. आजीने विचारलं, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं?"

पोरीने सांगितलं. आजी गहू निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "माह्या सासऱ्यानं फाट्यावर पानपोई मांडली व्हती. पाडव्याले रांजन मांडायचा, मृगाले उठवायचा. बहात्तरच्या सालात, त्या दुष्काळात, वैशाखात माही सासू वारली. तिसऱ्या दिवशी सासरा रांजन भराले गेला. लोकं म्हने, सुतकात राहू दे चार दिवस. तो म्हने, वाटसरू घरून निंघते तो माह्या पान्याच्या भरोशावर निंघते. त्याले काय मालूम माह्या घरी कोन मेलं?"

थोडं थांबून ती म्हणाली, "मांडली तं मृगावरी चालवा लागते, पोरी. नसन जमत तं मांडू नये. पाखरू आधी नाल्यावर जात असन, नाहीतं कोन्या विहिरीवर. तुमी त्याले इथची सवय लावली."

पोरगी रात्री खाटेवर पडून हिशेब करत राहिली. एका परळाला लिटरभर पाणी. चाळीस परळ म्हणजे रोज चाळीस लिटर. गावात नळ आठ दिवसांनी यायचा. शाळेचा हातपंप दीडशे दांडे हाणल्यावर खाकरायचा आणि मग जेमतेम कळशीभर पाणी द्यायचा. चाळीस होणार नव्हते. वीसही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने केलं ते असं. शेजारची दोन लहान पोरं हाताशी घेतली आणि तिघांनी मिळून पस्तीस परळ खाली उतरवले. धुवून नव्हे, तेवढं पाणीच नव्हतं, राखेने घासून. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पालथे रचून ठेवले. रिकामा परळ झाडावर राहिला तर पाखरू फसतं, हे तिला त्या साळुंकीने दाखवलं होतं. उरलेले पाच दाट सावलीत, मांजरीची झेप पोचणार नाही अशा फांद्यांना टांगले. त्या पाचांची जबाबदारी तिघांनी घेतली.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पस्तीस परळ उतरवणं. टांगायला उत्साह पुरला. उतरवायला त्या पोरीला आपल्या बळाचा खरा अंदाज घ्यावा लागला, आणि तो तिने कोणी न सांगता घेतला.

मग रोजचं सुरू झालं. एक कळशी, सकाळी सहाला. हातपंप आटला त्या दिवशी आजीने तांदूळ धुतलेलं पाणी गाळून दिलं. पोरगी मावशीच्या लग्नाला दोन दिवस गेली तेव्हा जाताना धाकट्याला कळशी सोपवून गेली आणि आल्यावर आधी निंबाखाली जाऊन आली. पारा 43 च्या वर गेला. होल्यांची जोडी परतली. एका संध्याकाळी वादळ आलं आणि चिंचेवरचा परळ फुटला, तेव्हा तिने कोपऱ्यातल्या पालथ्यांतला एक काढून टांगला. पाचाचे पाचच राहिले.

मृग लागला. पाऊस नाही.

धाकटा म्हणाला, "आजी, मृग लागला ना! आता बंद?"

आजी आभाळाकडे बघून म्हणाली, "मृगावरी म्हंजे पानी येईवरी, बापू."

पाणी यायला त्यानंतर अकरा दिवस लागले.

शाळा उघडली तेव्हा आवार हिरवं होतं. सरांनी आधी झाडांकडे पाहिलं, मग व्हरांड्यातल्या पालथ्या ढिगाकडे. "परळ कोणी काढले?" आवाज जरा चढलेला. पोरगी उभी राहिली. तिने साळुंकीपासून सांगायला सुरुवात केली, आजीची पाणपोई सांगितली, अकरा दिवसही सांगितले. सर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. तिचं झाल्यावर त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, चाळीसचा आकडा खोडला आणि शेजारी पाच लिहिलं. खाली तिघांची नावं लिहिली.

पुढच्या वर्षी 20 मार्च आला. मुलं सुतळी घेऊन बसली होती. सरांनी परळांना हात लावण्याआधी विचारलं, "उन्हाळाभर गावात कोण कोण राहणार आहे? खरं सांगा."

सुरुवातीला सगळ्यांचेच हात वर गेले. सर थांबले. हळूहळू एकेक हात खाली आला. शेवटी नऊ राहिले.

सरांनी कोपऱ्यातून नऊ परळ उचलले.