मोडीचा भाव

मांडवगण फराट्यातलं आमचं माळवदाचं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. त्या जागी स्लॅब पडायचा होता, म्हणून माळ्यावरचं सगळं खाली आलं आणि चार दिवस अंगणात पडून राहिलं. तीन हंडे, दोन घंगाळं, एक बंब, पराती, कळश्या, तळ गेलेली पातेली. तांबे किती होते ते कुणी मोजलंच नाही. कल्हई उडालेली, आतून हिरवा थर चढलेला. चुलतभावाचा हिशेब सरळ होता: शिरूरला नेऊ, मोड घालू, येतील त्या पैशांत नव्या स्वयंपाकघराची भांडी होतील. मोड म्हणजे जुनं भांडं वजनावर द्यायचं. दुकानदार ते वितळवायच्या भावानं घेतो. घडणावळ, वय, कुणी दिलं, कुणी वापरलं, यातलं काहीही तराजूत पडत नाही.

मी नुसता मदतीला बसलो होतो. चिंच लावून एक तांब्या घासला आणि त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. आजीच्या मामांचं नाव, गाव, 'सप्रेम भेट' आणि तारीख. मग एकेक भांडं उलटंपालटं करत बसलो आणि दुपार तिथेच गेली.

माणसाचं घर म्हणजे त्याचा आरसा, असं हल्ली फार ऐकू येतं. कपाटातली पुस्तकं, भिंतीवरची चित्रं, प्रवासातून आणलेल्या वस्तू पाहाव्यात आणि माणूस ओळखावा. या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वस्तू त्या माणसानं निवडलेल्या आहेत. आमच्या अंगणातल्या ढिगातली फार थोडी भांडी कुणी आवडीनं निवडून आणली असतील. बाकीची आली होती. लग्नात आली, बारशाला आली, कुणाच्या वर्षश्राद्धाला 'स्मरणार्थ' म्हणून आली. त्यांवरून आजी-आजोबांची आवडनिवड कळायला मार्ग नाही. त्यांचं कुणाकुणाशी येणंजाणं होतं, ते मात्र सनावळीसकट कळतं.

भांड्यावर नाव का घालत, याचं उत्तर मी मालकीहक्क असं देत असे. चुलतीनं ते मोडून काढलं. पंगतीला आळीतली भांडी एकत्र व्हायची. घरटी पाच-सहा पातेली, पराती, तांबे जायचे, रात्री बायका एका ओळीत बसून राखेनं घासायच्या, आणि मग नाव वाचून ज्याचं त्याला परत. वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा ठिपक्यांच्या ठेवणीवरून आपलं भांडं ओळखायच्या. म्हणजे नाव घालायचं ते भांडं घराबाहेर जाणार हे ठरलेलंच होतं म्हणून. शोकेसमध्ये कायमच्या बसलेल्या वस्तूवर कोण कशाला नाव घालतो?

यात मला गोडवा गायचा नाही. आहेर मोजला जायचा. भांड्याची जाडी बोटांनी चाचपली जायची, आणि 'पत्र्यासारखं पातेलं दिलं' हे वाक्य एखाद्या सुनेला वीस-वीस वर्षं ऐकावं लागे. जड आहेरासाठी काढलेलं कर्ज कुणाच्या तरी उसात फिटलं असेल. शिवाय पितळ-तांबं घासणं, कल्हईवाल्याची वाट पाहणं, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकेल म्हणून जपणं, हे सगळं बायकांच्याच अंगावर. स्टीलची भांडी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जुन्या भांड्यांवर लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्यानं तो श्वास विसरू नये.

तरीही त्या ढिगानं मला एक गोष्ट दाखवली, जी घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदानं दाखवली नव्हती. आमचा सातबारा पाहिला तर तिथं पुरुषांची रांग आहे. आजीचं माहेर त्यात कुठंही नाही, असायचं कारणही नाही. तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावरही ती नाही, कारण भावांसाठी तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशभर 2005 साली दिला. पण सही देणाऱ्या बहिणी आजही दुय्यम निबंधकाच्या दारात दिसतात, कारण सही नाही दिली तर माहेरचं दार बंद होतं. जे दार उघडं राहतं, त्याची खूण म्हणून काय उरतं? मामाचा तांब्या, भावाचा हंडा. आमच्या भांड्यांवरची नावंही बहुतेक पुरुषांचीच आहेत, तो हिशेब काही चुकत नाही. पण ती तिच्याकडची आहेत. सासरच्या घरात तिच्या माहेरचं आडनाव लिहिलेलं होतं ते एवढ्याच जागी.

आता पुढच्या खोलीकडे येतो. नव्या घराच्या नकाशात तिथं शोकेस आधीपासून आखलेलं आहे. त्यात काय बसणार हेही ठरलंय: बैलगाडा शर्यतीच्या ढाली, सत्काराच्या शालीबरोबर आलेली स्मृतिचिन्हं, बैलजोडीचा मोठा फोटो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली. मधल्या सात वर्षांत आमच्याकडच्या कित्येक घरांतले बैल गेले, फोटो भिंतीवर राहिले. शोकेसमधलं हे सगळं मला खोटं वाटत नाही. माणसाला आपण कसं दिसावं असं वाटतं, हीसुद्धा माहितीच आहे. मात्र शोकेस पाहुण्यासाठी असतं. माळा कुणासाठीच नसतो, आणि घर वाचायचं तर मी माळ्यापासून सुरुवात करीन.

हे मी इनामगावावरून म्हणतो. घोड नदीच्या काठचं हे गाव आमच्यापासून काही किलोमीटरवर. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी 1968 ते 1983 या काळात तिथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, उकरली आणि तीन हजार वर्षांमागची शंभराहून जास्त घरं उघडी केली. इसवीसनापूर्वी सुमारे 1600 ते 700 हा त्या वस्तीचा काळ. अक्षर एकही नाही, तेव्हा नाव कुणाचंच नाही. वाचायला फक्त सामान: दळण्यासाठी वापरलेले दगड, धान्याची पेवं, कणगी ठेवायचे चपटे दगड, तांब्याचे गळ, मणी, कुंभाराची भट्टी. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली, माणसं जनावरांच्या मागे फिरू लागली, असा अर्थ ढवळीकरांनी त्यातून लावला.

पण माझं लक्ष खिळतं ते जमिनीखालच्या गोष्टींवर. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घरातच, पायाखालच्या भुईत पुरायचं. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडत. गेलेली माणसं उठून चालू लागू नयेत म्हणून, असं अभ्यासक मानतात. मुलाला मात्र घरातच ठेवायचं. एका घराच्या भुईखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी सापडली. तिच्यात स्त्रीची मूर्ती, आणि सोबत बिनडोक्याची दुसरी मूर्ती व एक बैल. घरातलं सगळ्यात जवळचं जे काही होतं, ते पाहुण्याला दिसणार नाही अशा जागी होतं. त्या माणसांना आपल्याबद्दल काय सांगायचं होतं ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी जे झाकून ठेवलं त्यावरून आपण त्यांना ओळखतो.

पुण्यातला राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा संग्रह आमच्या अंगणातल्या ढिगाच्या बरोब्बर उलट टोकाचा. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी 1920च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि वीस हजारांच्या घरात नेल्या. अडकित्ते, दिवे, वज्र्या, दारं, कुंकवाच्या डब्या. हा संग्रह निवडलेला आहे, एका माणसाच्या नजरेचा आहे, म्हणजे 'वस्तू माणूस सांगतात' हे म्हणणं इथं तरी लागू पडायला हवं. आणि पडतंही. पण दारावर नाव आहे ते सात वर्षांचा असताना गेलेल्या मुलाचं, राजाचं. एवढा मोठा संग्रह, आणि त्यावर घातलेलं नाव तेच जे आमच्या एखाद्या तांब्यावर असतं: स्मरणार्थ. ज्यांच्या घरातून हे अडकित्ते आले त्या घरांनी ते बहुधा अडगळ म्हणूनच दिले असतील. केळकर नसते तर ते तराजूत गेले असते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. काचेमागे घडण दिसते, नक्षी दिसते. कुणाच्या मामानं कुणाला दिला, ते तेवढं गळून गेलेलं असतं.

म्हणून आम्ही भांडी ठेवली का? नाही. ठेवायची कुठं? नव्या घराला माळा नाही. मी नावं एका वहीत उतरवून घेतली, तारखांसकट, आणि चुलतभावानं टेम्पो बोलावला. बंब त्यानंच बाजूला काढला, फार्महाऊसवर शोभेला ठेवता येईल म्हणून. आजीच्या मामांचा तांब्या मी घेतला.

टेम्पोत चढवताना चुलतीनं एक परात ओढून काढली. चांगली जड होती, मोडीला भरपूर भरली असती. "ही न्हाय घालायची. आपली न्हाय ही." घासून पाहिली तर खरंच, गावातल्याच दुसऱ्या एका घराचं नाव. कुठल्या तरी पंगतीत रात्रीच्या अंधारात बदलून आली असणार. सन 1971. त्या पंगतीपासून त्यांची परात आमच्याकडे आहे आणि आमची त्यांच्याकडे असावी. तेही कधी मागायला आले नाहीत, आम्हीही गेलो नाही. चुलतीनं ती पदरानं पुसली आणि पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या गोण्यांवर नीट पालथी घालून ठेवली.