कायक, सुई आणि सिद्धरामांचं गाव

सोलापूरच्या जिममध्ये एखाद्या पोराचे दंड जरा भरले, की शेजारचा हमखास विचारतो, "काय बे, घेतोस का?" काय घेतोस, हे सांगावं लागत नाही. "नाही, नॅचरल आहे," असं उत्तर आलं तरी त्यावर विश्वास ठेवणारे थोडे. ते उत्तर देताना पोरगं नेमका कशाचा दावा करतंय, याचा विचार करणारे तर त्याहून थोडे. स्टेजवर उभं राहिल्यावर पिळदार पाठ घेणाऱ्याची आणि न घेणाऱ्याची, दोघांचीही दिसते. मग औषधाविना कमावलेल्या शरीरात असं काय आहे, जे दुसऱ्यात नाही?

यावर सहसा तब्येतीचं उत्तर मिळतं. स्टेरॉइडने हृदयाचा स्नायू जाड होतो, कोलेस्टेरॉल बिघडतं, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं. रक्तदाब वाढवण्यासाठी डॉक्टर वापरतात ते मेफेन्टरमिनचं इंजेक्शन पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. हे सगळं खरं आहे आणि गंभीरही. पण उद्या एखादं निर्धोक औषध निघालं तर? तर आक्षेप उरणार नाही का? जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, एखादा पदार्थ बंदीच्या यादीत घालताना तीन निकष पाहते: त्याने कामगिरी वाढते का, आरोग्याला धोका आहे का, आणि तो खेळाच्या आत्म्याविरुद्ध आहे का. तिन्हींपैकी दोन पुरतात. म्हणजे पूर्ण निर्धोक औषधही कामगिरी वाढवत असेल, तर केवळ 'खेळाच्या आत्म्या'पायी निषिद्ध ठरू शकतं. खरा प्रश्न इथे आहे, आणि तो दवाखान्यातला नाही.

1996 साली शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 43 पुरुषांचे चार गट केले होते. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं, काहींना नुसतंच बिनऔषधी इंजेक्शन दिलं. दोन्हींतल्या निम्म्यांनी वजनांचा व्यायाम केला, निम्म्यांनी केला नाही. औषधाविना घाम गाळणाऱ्यांचं चरबी वगळता शरीराचं वजन सुमारे दोन किलोंनी वाढलं. औषध घेऊन काहीच व्यायाम न करणाऱ्यांचं वाढलं सुमारे तीन किलोंनी. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलोंनी.

हे आकडे शांतपणे वाचावेत असे आहेत. घरी बसलेल्याच्या पदरात राबणाऱ्यापेक्षा जास्त पडलं. कर्म आणि फळ यांच्यातली गाठच सुईने सोडवली. गीतेने फळाचा अधिकार सोडायला सांगितलं, पण कर्माविना फळ उचलायला कुठेच सांगितलेलं नाही.

सोलापूरला या विषयाची जुनी ओळख आहे. हे बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं गाव, तेव्हाचं सोन्नलगी. त्यांनी लोकांना सोबत घेऊन तलाव खोदला, देवळं उभारली. बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, कायकाचा जो विचार मांडला, त्यात पोटासाठीचे प्रामाणिक श्रम हीच पूजा होती. आयदक्की मारय्या हा त्यांच्यातला एक शरण बसवण्णांच्या कल्याण नगरीत सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करी. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आला. बायकोने, लक्कम्माने, ते पाहिलं आणि जास्तीचे परत नेऊन टाकायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते, कुणी हरकतही घेतली नव्हती. पण तिच्या लेखी रोजच्या कष्टाला जेवढं लागतं, त्यापलीकडचं घरात ठेवणं हेच चुकीचं होतं. भसीन यांच्या प्रयोगातले ते वरचे किलो लक्कम्माने कुठे टाकायला लावले असते, हे सांगायला नको.

औषधाविना स्पर्धेची तयारी म्हणजे आपल्या वाट्याच्या तांदळावर भागवणं. ती कशी असते हे पाहायचं तर एखाद्या शाकाहारी लिंगायत घरातला मुलगा डोळ्यांपुढे आणावा. स्पर्धेआधी तीन-चार महिने त्याचं ताट बदलतं. शेंगाचटणी आधी जाते. सोलापुरात हे सोपं नाही, कारण ती प्रत्येक ताटात असते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं पंचवीस ग्रॅम खरी, पण चरबी जवळपास पन्नास. तिच्या जागी सोयाबीनच्या वड्या येतात, शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅम प्रथिनांच्या. ज्वारीची भाकरी राहते, पण काट्यावर तोलून. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावरचा लोण्याचा गोळा आई पुढे करते, तेव्हा पोराला मान खाली घालून नाही म्हणावं लागतं. शेवटच्या आठवड्यांत पोटावरची कातडी चिमटीत धरली तर कागदासारखी लागते. झोप उडते, चिडचिड वाढते, थंडी सोसवत नाही.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूची वर्षभर तपासणी केली होती: सहा महिने स्पर्धेची तयारी आणि सहा महिने नंतरचे. चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5 वर आली. विश्रांतीतले नाडीचे ठोके 53 वरून 27 वर उतरले. टेस्टोस्टेरॉन जवळपास चौथाईवर आलं. शरीर अक्षरशः दारं लावून बसलं होतं. औषध घेणाऱ्याचं शरीर ही दारं लावू शकत नाही, बाहेरून येणारा संप्रेरकाचा पुरवठा ती उघडी ठेवतो. दोघांत हाच फरक आहे. नॅचरल स्पर्धकाला त्याचं शरीर 'पुरे' म्हणू शकतं, आणि ते ऐकणं त्याला भाग पडतं.

पण हे तप आहे का? गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीरातल्या भूतसमुदायाला दंभापोटी छळणाऱ्यांना आसुरी म्हटलं आहे, आणि सत्कारासाठी, मानासाठी केलेल्या तपाला राजस, चंचल, न टिकणारं. स्पर्धेचा मुक्काम तर सत्कारच आहे: टाळ्या, ढाल, फ्लेक्सवरचा फोटो. या कसोटीवर औषध न घेणाराही सहज उतरत नाही. त्याच अध्यायात शारीर तपाची यादी आहे. तिच्यात उपास नाही. पूजा, शौच, ब्रह्मचर्य, अहिंसा यांच्यासोबत आर्जव आहे, म्हणजे सरळपणा. सत्य वाणीच्या तपात घातलं, पण सरळपणा शरीराच्या. शरीरही खोटं बोलू शकतं, हे त्या यादीला ठाऊक असावं.

सोलापुरात बळाचा दुसरा वापरही डोळ्यांपुढे आहे. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले भक्त त्या उंच, जड काठ्या पेलत चालतात आणि त्यासाठी आधीपासून सराव करतात. तिथेही खांदे आणि कंबर तयार करावी लागते, पण पेलणाऱ्यांना गुण देऊन पहिला-दुसरा ठरवत नाहीत. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावं ज्या शहराच्या पत्त्यांत बसली आहेत, तिथे बळ कशासाठी हा प्रश्न परका नाही.

आणि सर्वांत अवघड प्रश्न खुद्द सिद्धरामांनाच विचारला गेला होता. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात शरण अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात आणि तलाव खोदणाऱ्या सिद्धरामांना वड्डर म्हणून हिणवतात. सिद्धरामांचे चिडलेले शिष्य अल्लमांवर दगड घेऊन धावतात. अल्लमांचं म्हणणं एवढंच, की खोदणं प्रामाणिक असलं तरी 'हे मी केलं' ही गाठ सुटलेली नाही. 'मी नॅचरल आहे' हे वाक्य छातीवर मिरवणाऱ्यालाही ते लागू पडतं. रुंद खांदे, बारीक कंबर, स्नायूंची घडण यांतलं कितीतरी आईबापांकडून आलेलं असतं. त्याला कष्टाचं फळ म्हणता येत नाही.

मग पावित्र्य तपासायचं कसं? वर्ल्ड नॅचरल बॉडीबिल्डिंग फेडरेशन लघवीची चाचणी घेतं, खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतं आणि दहा वर्षांचा औषधमुक्त काळ मागतं. दहाच का? ऑस्लोच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की उंदरांना थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन दिलं तर स्नायूंतली वाढलेली केंद्रकं औषध थांबल्यावर तीन महिन्यांनीही टिकतात, आणि तो स्नायू पुन्हा भराभर वाढतो. माणसात हे कितपत घडतं, याचा शोध चालू आहे. पण असं असेल तर विशीत घेतलेली सुई पस्तिशीतही काम करत राहील. पश्चात्तापाने मन धुतलं जाईल, मांडी नाही.

उलट बाजूही आहे. भेसळीच्या डब्यातून नकळत काही पोटात गेलं तरी नियम खेळाडूलाच जबाबदार धरतो. आणि डब्यावरच्या लेबलवर विसंबावं असंही नाही: 2024 साली भारतातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. दोष कृतीचा की हेतूचा, हा वाद पाली उपालिसुत्तात आहे: निगंठांचा, म्हणजे जैनांचा, अनुयायी कायेचं कर्म अधिक दोषाचं मानतो, बुद्ध मनाचं. वाडाचा नियम आधी कायेकडे पाहतो. हेतू विचारात येतो तो शिक्षा ठरवताना. चाचणी घेणाऱ्याला दुसरा मार्गही नाही. पण स्पर्धकाला स्वतःपुरता आहे, कारण त्याच्या हेतूला साक्षीदार तोच असतो.

म्हणूनच औषधमुक्त स्पर्धा तालमीत आणि जिममध्ये जपायला हवी, ती सात्त्विक आहे म्हणून नव्हे, तर तिथे कष्ट आणि फळ यांची गाठ अजून शाबूत आहे म्हणून. तिची किंमतही पोरांना आधी सांगायला हवी. त्या अभ्यासातल्या खेळाडूचं टेस्टोस्टेरॉन स्पर्धेनंतर तीन महिन्यांत पूर्ववत झालं, पण ताकद सहा महिन्यांनीही पूर्ण परतली नव्हती. अठरा वर्षांच्या मुलाकडून प्रवेशअर्ज भरून घेताना संयोजकांनी आणि त्याच्या उस्तादाने हे दोन्ही आकडे त्याच्यापुढे ठेवावेत, त्याचा रक्तदाब मोजावा, आणि घरी त्याच्या आईलाही सांगावं, की पुढचे काही महिने पोरगं भाकरीला नाही म्हणेल ते का.