करावे, केले जावे आणि कर्त्याची जागा

इंग्रजीत मोडल क्रियापदाचा कर्मणी प्रयोग तीन घटकांनी बनतो: कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल यांसारखे एक सहायक क्रियापद, त्यापुढे ‘बी’ आणि शेवटी मूळ क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. ‘द फी मस्ट बी पेड’ या वाक्यात फी कोणी भरायची हे सांगावे लागत नाही. सांगायचेच झाले तर ‘बाय’ लावून कर्ता वाक्याच्या शेवटी येतो.

शाळेत ‘कर्तरीचे कर्मणी करा’ एवढ्यावर हा विषय संपतो आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, असे मुलांच्या मनावर ठसते. साध्या क्रियापदांपुरते ते बव्हंशी चालते. मोडल आले की नाही. ‘द टीचर कान्ट टीच द बॉय’ म्हटले की उणीव शिक्षकाची वाटते. ‘द बॉय कान्ट बी टॉट’ म्हणताच ठपका मुलावर येतो. घटना तीच, पण असमर्थता एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेली. वाक्य फिरवायला शिकवताना हे सांगितले जात नाही, ही या अध्यापनातली मोठी त्रुटी आहे.

कर्ता गाळण्याचे बळ कायद्याच्या भाषेत दिसते. राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदाची इंग्रजी रचना ‘शॅल बी’ची आहे: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. हिरावणारा कोण, याचा उल्लेख नाही. त्यामुळे शिपायापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही ‘हे मला लागू नाही’ असे म्हणता येत नाही.

ही रचना इंग्रजीनेच आपल्याकडे आणली, असे मात्र नाही; प्राकृतातही ती होती. धार जिल्ह्यात राजगडजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. 1906 मध्ये निवर्तलेले आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी तिथे आहे. प्राकृत शब्दांचा सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ ही त्यांची कामगिरी. त्या प्राकृतात संस्कृत ‘-तव्य’चे ‘-तव्व’ किंवा ‘-अव्व’ झाले होते. आचारांगसूत्र या जैन आगमग्रंथात प्राणिमात्रांविषयी ‘हंतव्व’ हे रूप नकारासह येते, म्हणजे ते मारले जाऊ नयेत. कर्माला प्राधान्य, कर्ता अनुक्त आणि विधीचा अर्थ, हे सारे एका प्रत्ययात सामावले आहे. इथेही कर्ता नसल्याने कोणीच सुटत नाही.

मराठीतला ‘-आवा’ याच ‘-तव्य’चा वंशज. म्हणूनच ‘तिने चिठ्ठी लिहावी’, ‘तिने पत्रे लिहावीत’ या वाक्यांत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरते. ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ ही रूपेही जुन्या ‘-इजे’ या कर्मणी प्रत्ययाची. माळव्यातली मराठी कुटुंबे घराबाहेर ज्या हिंदीत वावरतात, तिच्यातले ‘चाहिए’ही त्याच जातीचे आहे. मराठीच्या ‘-आवे’मध्ये कर्त्याची जागा सहज भरता येते: ‘ग्रामसेवकाने यादी लावावी’.

सरकारी मराठीने ती जागाच बुजवली. ‘यादी लावण्यात यावी’, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ या आदेशांत काम करणारा नाहीसा होतो, आणि काम राहिले तर जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही. हक्क सांगताना कर्ता गाळला तर हक्काची व्याप्ती वाढते. कर्तव्य सोपवताना गाळला तर जबाबदारी हवेत विरते. ‘शॅल बी’ किंवा ‘शुड बी’ मराठीत आणणाऱ्याने आधी हे पाहावे, मग प्रयोग निवडावा. कित्येक ठिकाणी ‘अधिकाऱ्याने करावे’ हेच अधिक अचूक भाषांतर ठरते.

इंग्रजी ‘मस्ट’ आज्ञेखेरीज तर्कही व्यक्त करते. मागच्या घटनेविषयीचा तर्क असेल तर ‘बी’च्या जागी ‘हॅव बीन’ येते: ‘द बाइक मस्ट हॅव बीन स्टोलन’. मराठीत हा अर्थही ‘-आवी’च पेलते: ‘गाडी चोरीला गेली असावी’. तिथे चोर ठाऊकच नसतो, तेव्हा कर्ता न सांगणे हेच प्रामाणिक असते.